कानडी कागद

गावच्या कातळ-सड्यावरच्या आपल्या कलमांचे आंबे सगुणा दरवर्षी रत्नागिरीत आणून विकायची. गेल्या मोसमात आंब्याचा व्यापारी हर्षद शेट याने भर बाजारात तिच्या पेट्या उपड्या केल्या आणि तो ओरडला, "कर्नाटकचा माल हापूस म्हणून खपवते ही बाई!" पिढीजात गिऱ्हाइकं तुटली. पिकलेले आंबे तिने गुरांपुढे घातले. त्या दिवसापासून हर्षदचं नाव माशाच्या काट्यासारखं तिच्या घशात अडकून राहिलं.

या मे महिन्यात पालिकेने शहराच्या कचऱ्याचा अभ्यास काढला. घरं, दुकानं, खानावळी यांचा कचरा वेगवेगळा आणायचा, ताडपत्रीवर फावड्याने कालवायचा, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकायचे. उरलेल्यातलं ओलं, कागद, प्लास्टिक, चिंध्या निवडून तोलायचं. आंब्याला गिऱ्हाईक नाही म्हणून सगुणा या कामावर रोजाने लागली.

देखरेखीवरच्या योगिनी मॅडमनी बजावलं होतं, "कुणाच्या कचऱ्यात काय निघालं, हे बाहेर जाता कामा नये. त्याच भरवशावर लोक पिशव्या देतात."

सगुणाने मान हलवली आणि दुकानांची फेरी मागून घेतली.

हर्षदच्या दुकानाच्या मागच्या दाराला मिळालेल्या पिशवीची गाठ तिने वाटेतच सोडली. कुजक्या आंब्यांखाली चुरगळलेली वर्तमानपत्रं निघाली. अक्षरं गोलगोल. गोकर्णला गेली होती तेव्हा तिकडच्या एसटीवर तिने हीच अक्षरं पाहिली होती. कागदांना आंब्याचा चीक लागलेला होता.

ती वळसा घालून पुढच्या दाराने दुकानात शिरली. मुंबईची गिऱ्हाइकं पेट्या निवडत होती. सगुणाने गल्ल्यासमोर एकेक कागद उलगडून पसरला.

"शेट, आंबा रत्नागिरीचा नि कागद कानडी? कलमांना वाचाय लागतो काय ओ?"

एकाने हातातली पेटी खाली ठेवली.

हर्षद वाकून पुटपुटला, "सगुणाबाई, आत या. तुमचा सगळा माल मी उचलतो."

"माल नको उचलूस. माजे आंबे माज्याच कलमांचे व्हते, येवढा बोल."

तो बोलला.

"मोठ्यान. त्या दिवशी घसा बरा व्हता तुजा."

शेजारचे दुकानदार बाहेर येऊन उभे राहिले होते. हर्षदला मोठ्याने बोलावंच लागलं.

संध्याकाळी योगिनी मॅडमनी तिचे हातमोजे परत मागितले. "सगुणाताई, तुमच्यापायी आता एकही दुकानदार पिशवी देणार नाही."

"नायच देणार," सगुणा म्हणाली. हातमोजे तिने आधीच धुऊन, वाळवून ठेवले होते.