माणकीचा आठवा महिना

"ह्यां काचेच्या नळयेत पोटां बघता. खरां पोट तेका खंय कळतलां?"

स्वयंपाकघरातून मावशीचा आवाज आला आणि पाठोपाठ आईचं हसू. मी बाहेरच्या खोलीत बॅगेला कुलूप लावत होते. बोलणं माझ्याबद्दल होतं. मावशीचं मला काही वाटलं नाही, ती सगळ्यांचीच थट्टा करते. पण आई हसली होती.

आदल्याच दिवशी माझ्या धाकट्या बहिणीला, माणकीला, सातव्या महिन्यातली फुलं माळली होती. ती लग्न करून लाटंबार्शाला दिलेली. पहिल्या बाळंतपणासाठी पार्शाला, आमच्याकडे आली होती. आईनं तिच्या केसांत अबोलीच्या गजऱ्यांच्या इतक्या फाती माळल्या की अंबाडा दिसेना. दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा स्कॉटलंडला निघाले तेव्हा आई मोपाच्या विमानतळापर्यंत आली होती, मी आत दिसेनाशी होईपर्यंत काचेबाहेर उभी होती. या वेळी टॅक्सी आली तेव्हा ती फाटकापर्यंत आली, "पावलंस काय फोन कर गो" म्हणाली आणि माणकीला शहाळं द्यायला आत वळली.

इथे स्कॉटलंडच्या प्रयोगशाळेत माझं काम गर्भाशयाच्या स्नायूवर चालतं. सिझेरियन झालेल्या बायका त्यांच्या संमतीनं जो बारीकसा तुकडा देतात, तो मी कोमट क्षारपाण्यात टांगते. थोड्या वेळानं तो आपोआप आवळतो आणि सुटतो. बाळ पोटात असताना हा स्नायू महिनोन्‌महिने शांत असतो. प्रोजेस्टेरॉन त्याच्या पेशींना शांत ठेवतं. दिवस भरत आले की कळांचे संदेश घेणारे रिसेप्टर पेशींवर वाढतात, शेजारशेजारच्या पेशींमध्ये बारीक वाटा उघडतात, आणि मग सगळ्या एकदम आवळतात. हे मी रोज ग्राफवर बघते आणि मला माणकी आठवते. दहावीला विज्ञानात तिला मी पास करवलं होतं. आता हे सगळं तिच्या आत चाललंय, एक ओळही पाठ न करता. मी मात्र परक्या बायकांचे तुकडे सांभाळत बसलेय.

पार्शाच्या घरी माझ्या खोलीत पाळणा टांगलाय हे मला कोणी सांगितलं नाही. व्हिडिओ कॉलवर आईच्या खांद्यामागे तो दिसला, म्हणून कळलं. तुमच्यापैकी जे बाहेर गेलेत, त्यांना घर असंच फोनच्या कोपऱ्यातून कळत असेल.

परवा रविवारी दुपारी फोन लावला, तिकडे तिन्हीसांज झाली होती. आई कपातल्या दुधात काहीतरी ढवळत होती.

"काय गो तां?"

"एरंडेल. आठव्यात सुरू केलां म्हणजे वाट मोकळी जाता. तुज्या येळाक मीय पिलंय." आईनं कप माणकीच्या हातात दिला.

एरंडेलातून पोटात जे आम्ल सुटतं, ते याच स्नायूच्या रिसेप्टरवर बसू शकतं आणि त्याला आवळायला लावू शकतं. आठव्या महिन्यात ते नको. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी गप्प राहिले. फार वेळ नाही, माणकीनं दुधावर दोनदा फुंकर घातली तेवढाच. मनात आलं, मला कोणी विचारलंय? होऊ दे काय व्हायचं ते. या विचाराची मला अजून भीती वाटते.

मग मी अर्ध्या इंग्रजीत काहीतरी पुटपुटले. रिसेप्टर, कॉन्ट्रॅक्शन.

"आयक, आमचां मास्तरीण बोलता," आई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

पार्शाचं घर आहे तिथेच आहे, गेले तर जेवायला वाढतील, निजायला जागा करतील. पण माझं म्हणणं जिथे ऐकलं जात नाही, त्याला मी आता पूर्ण घर म्हणत नाही. आणि तिथे मी आजवर काही मोठ्यानं बोललेच कधी नव्हते.

माणकीनं कप ओठांना लावला.

"माणकी, कप खाली ठेव!" मी ओरडले. "माका तुजो हेवो वाटता, म्हणान इतको येळ गप रवलंय. पण ह्यां खोटां नाय सांगणंय. बाळ वेळेआधी येयत. ठेव तो खाली."