मणी, ठोकळे आणि माईंची खोली

मला विचारतात, एवढे किस्से तुझ्या लक्षात राहतात कसे? अहो, थर्माकोलचे मणी घालून हलक्या विटा करायचा धंदा करून बघा, विसरायला सवडच मिळत नाही!

लोणी देवकरला शेड टाकली. पार्टनर सोपानराव, जन्मभर वाळू-सिमेंटात वावरलेले. त्यांनी फोनवरून मणी मागवले, शंभर किलो. दोन पोती येतील म्हणून आम्ही कोपरा झाडून ठेवला. आला तुडुंब भरलेला टेम्पो! शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही; आठवडाभर आम्ही दोघं बाहेर बसून चहा प्यायलो.

*

पहिलं गिऱ्हाईक इंदापूरच्या माई, गुरुजींच्या मंडळी. तीस वर्षं स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी शिलाई मशीन ठेवून गल्लीचे ब्लाऊज शिवलेले. त्यांना शिवणकामाला वरच्या मजल्यावर स्वतःची खोली हवी होती. इंजिनिअर म्हणाला, जुना स्लॅब साध्या विटांचं ओझं घेणार नाही. हलकी वीट टेस्टला पास झाली तरच बघू. गुरुजींचं म्हणणं, राहू दे की, इतकी वर्षं चाललंच ना. माईंनी काही ऐकलं नाही. मला ते फार आवडलं.

*

टेस्टसाठी त्याच मालाचे तीन ठोकळे सोपानरावांनी साच्यात भरले. सवयीनं काँक्रीट हलवून बसवायचा व्हायब्रेटर लावला तो लावलाच. साचा उघडला तर सिमेंट खाली, मणी सगळे वर! पुन्हा भरले.

ते भिजायला हौदात टाकले, तर तरंगायला लागले. भिगवणहून मासळी घेऊन निघालेला एक टेम्पोवाला पाणी प्यायला थांबला होता. हौदात डोकावून हळहळला, "कवा मेले?"

शेवटी वर फरशी ठेवून बुडवले.

*

अठ्ठावीस दिवसांनी बारामतीला, लॅबमध्ये. मशीन ठोकळा दाबणार; सोपानरावांना एकच काम, तिच्या काट्यावरचा सगळ्यात मोठा आकडा लिहून घ्यायचा. साधं काँक्रीट फाडकन फुटतं, म्हणून हे आवाजाची वाट बघत ठोकळ्याकडंच टक लावून बसले. आमचा ठोकळा नुसता दबत गेला. तिन्ही चपटे, कागद कोरा. "आवाजच आला न्हाय की!"

माईंना फोन मीच केला. पुन्हा करा, एवढंच म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

नवे ठोकळे, पुन्हा अठ्ठावीस दिवस. या खेपेला लॅबमध्ये माई स्वतः आल्या, गुरुजींना घेऊन. सोपानरावांना आम्ही दाराबाहेर उभं केलं. काटा इंजिनिअरनं मागितलेल्या आकड्याच्या पुढं गेला आणि थांबला. माईंनी ठोकळा मागून घेतला, फिरवून बघितला. बसका झालेला, दोन तडे, पण अखंड.

"एवढा दाबला, तरी फुटला न्हाय?"

"नाही, माई."

त्यांनी एकदा गुरुजींकडं बघितलं.

"मंग माझ्यावानीच हाय. बांधा खोली."