बोलत राहा, बाई!

भूल देणाऱ्याला पेशंटच्या डोक्याशी बसून दुसरं काय काम हो? कान उघडे ठेवायचे. सर्जन बडबडत राहतात, किस्से साचत राहतात. माझ्याकडचे बहुतेक आमच्या बड्या साहेबांचे, म्हणजे मुख्य सर्जनांचे. ऐंशीच्या दशकात नागपूरला आमच्या इस्पितळात सोनोग्राफीचं मशीन आलं आणि साहेबांच्या अकलेचं प्रदर्शनच सुरू झालं!

*

मशीन नलूताईंच्या ताब्यात, त्या सोनोग्राफीच्या डॉक्टर. थायरॉइडचा कॅन्सर काढल्यावर मानेत परत उगवला, तर जुन्या व्रणाखाली गाठ हाताला लागत नाही. त्या म्हणाल्या, "सर, मशीन थिएटरात आणते, गाठ दाखवते." साहेबांनी दहाही बोटं नाचवली. "माझी बोटं बघतात, मॅडम! मला टीव्ही नको!"

मे महिन्यात मात्र साहेब रोज दुपारी मशीनच्याच खोलीत. एसी तिथेच होता ना! आरामखुर्ची टाकून घोरायचे आणि पेशंट बाहेर व्हरांड्यात भाजत बसायचे.

*

एकदा मुंबईहून मोठे अधिकारी आले. साहेबांनी नलूताईंच्या हातातला प्रोब हिसकावला, शिपायाच्या पोटावर फिरवत लेक्चर ठोकलं. "ही बघा, किडनी!" अधिकारी माना डोलावत होते. नलूताई हळूच म्हणाल्या, "सर, मशीन सुरू करू का?"

*

पारशिवनीच्या एका मास्तरांची गाठ परतली. नलूताईंनी मानेवर पेनानं खूण करून दिली. साहेबांनी ती स्वतः स्पिरिटनं घासघासून पुसली आणि वर विचारलं, "कुठाय तुमची खूण?" गाठ आतच राहिली, वरून टाके पडले. साहेब म्हणाले, "मशीन खोटारडं आहे!" मास्तरांची मान पुन्हा उघडावी लागली. माझा तर आजही संताप होतो.

*

भिवापूरच्या सखूबाई बाजारात ओरडून मिरची विकायच्या. घर चालायचं ते त्या आवाजावर. त्यांचाही कॅन्सर परतला. मिरचीच्या खकाण्यानं छाती खराब, म्हणून पूर्ण भूल द्यायला मी नकार दिला, मान तेवढी बधिर केली. आवाजाची नस गाठीच्या शेजारूनच जाते. तिला धक्का लागला की आवाज गेला! म्हणून साहेबांनी हुकूम सोडला, "बोलत राहा, बाई. थांबू नका!"

नलूताई मशीन ढकलत दारापर्यंत आल्या. साहेबांनी तिथूनच हाकललं.

सखूबाई बोलत होत्या. "काय ढुंढून राहिले सायेब? वावरात हरवलेला इळा बी आतावरी सापडला असता! त्या टीव्हीवाल्या बाईले काहून हाकललं जी?"

साहेब लालबुंद. पण गप्प बस म्हणायची सोय नाही!

आणि एकदम आवाज बंद.

साहेबांचे हात जागीच थांबले. "बाई? अहो बाई, बोला ना!" काही नाही. मला वाटलं, गेली नस! साहेबांना दरदरून घाम. "सखूबाई, पाया पडतो तुमच्या, बोला!"

"पह्यले त्या बाईले आत घ्या," खणखणीत आवाज आला. "मंग बोलतो."

मशीन आत आलं. नलूताईंनी निर्जंतुक हातमोज्यात घातलेला प्रोब उघड्या मानेत टेकवला आणि गाठ लगेच दिसली, श्वासनळीच्या कडेला अंग चोरून बसलेली. साहेबांनी मुकाट्यानं काढली. टाके घालायच्या आधी नस तपासायला म्हणाले, "हं, आता बोला, बाई."

"म्या काय बोलू सायेब?" सखूबाई म्हणाल्या. "आता तुमी बोला!"