जमलाबाईच्या नातीची धुंड

माझा आवाज मोठा आहे हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे, कोणी नव्याने सांगायला येऊ नये. पण जमलाबाई राठोड हसायला लागली की माझा आवाजसुद्धा कुठच्या कुठे जातो. आमच्या दिवा स्टेशनजवळच्या चाळीत ती मागच्या लायनीत राहते, मी पुढच्या. ती तिथे हसली की इथे आमच्या ह्यांच्या बशीतला चहा सांडतो. "एवढं काय झालं त्या बाईला?" हे विचारतात. मी म्हणते, जा ना, विचारून या. पण जात नाहीत. पुढच्या लायनीतला माणूस मागच्या लायनीत पाऊल टाकत नाही, अशी आमच्याकडे पद्धत पडलेली.

पुढची लाइन म्हणजे आम्ही, संगमेश्वर-देवरुखकडची माणसं. मागची लाइन लमाण्यांची. ते विजापूरकडून आले, घोडबंदर रोडला टॉवर चढायला लागले तेव्हा. नळ आमच्या लायनीत. आधी आम्ही भरायचं, मग त्यांनी, आणि मध्येच पाणी गेलं तर त्यांनी टँकरची वाट बघत बसायचं. गणपतीची वर्गणी त्यांच्याकडून बरोबर घेतात, आरतीला मात्र हाक मारत नाहीत. दोन लायनींच्या मध्ये चांगलं मोठं पटांगण आहे. तिथे हळदीकुंकू आमचं, बारशी आमची, क्रिकेट आमच्या पोरांचं. कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक.

जमलाबाई साइटवर स्लॅब भरायला जाते. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला फडकं, त्यावर पिवळं हेल्मेट, आणि दंडात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. घोडबंदरच्या एका टॉवरचे सगळे स्लॅब हिने डोक्यावरून वर नेले. टॉवर पुरा झाल्यावर ही तिथे घरकाम मिळतंय का बघायला गेलेली. गेटवर वॉचमन म्हणाला, कोणाकडे जायचंय? ही म्हणाली, "सगळ्यांकडे. सगळ्यांच्या पायाखालचं मीच टाकलंय." त्याने काही आत सोडलं नाही. तिने ते मला हसत हसत सांगितलं आणि माझं डोकं असं फिरलं म्हणता, मी इथे ओट्यावर बसून त्या वॉचमनच्या सात पिढ्या उद्धरल्या. ती म्हणाली, "रतनबाई, ठाण्यापर्यंत ऐकू जायला तुझा पण आवाज पुरायचा नाही."

आमची ओळख झाली तीसुद्धा भांडणातूनच. एकदा नळावर आमच्या लायनीतल्या साईनाथने तिचा हंडा पायाने बाजूला सारला. मी तिच्या जागी असते तर साईनाथ आज लंगडत असता. ही काय करते? शांतपणे नळाच्या कठड्यावर बसली आणि गायला लागली. मागच्या लायनीच्या चार बायका येऊन बसल्या, त्या पण गायला लागल्या. त्यांच्या बोलीतलं आम्हाला अक्षर कळेना. पण मध्येमध्ये साईनाथचं नाव यायचं आणि सगळ्या तोंडाला पदर लावायच्या. तो बिचारा पाणी तसंच टाकून घरात पळाला. संध्याकाळी मला राहवेना. गेले मागच्या लायनीत आणि विचारलं, काय म्हणत होतात गं? ती म्हणाली, "काही नाही. त्याचं नळाशी लग्न लावलं. एवढा सुटत नाही तर घेऊन नांदा म्हटलं."

त्या दिवसापासून मी तिच्याकडे जायला लागले. लायनीतल्यांनी नाकं मुरडली, मुरडू देत. एकदा तिने मला सांगितलं की त्यांच्यात आपल्या माणसाला गोर म्हणतात आणि बाहेरच्याला कोर. मी म्हटलं, मग मी कोण? म्हणाली, "तू कोर." मला असा राग आला! माझ्या चाळीत, माझ्या दारासमोर, मी बाहेरची? ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "झोंबलं ना? बस, आता चहा घे." मी बसले. चहा घेतला.

तर आता यंदाच्या होळीचं सांगते. तिच्या किसनला मुलगी झाली, रोशनी. पहिली नात. जमलाबाईचे पाय जमिनीला लागत नव्हते. लमाण्यांच्यात घरात मूल झालं की पुढच्या होळीला त्याची धुंड करतात. तशी पोरग्याची करायची रीत, पण ही म्हणाली, माझी नात काय कमी आहे काय? त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांची तोंडं तिनेच बंद केली. अडचण जागेची होती. इतकी वर्षं ते खाडीकडच्या मोकळ्या रानात होळी करायचे. यंदा तिथे बिल्डरने पत्रे ठोकले. आता जागा एकच उरली, आमचं पटांगण. तिथे नाही तर पोरीची धुंड नाही, आणि होळी गेली की गेली.

चाळ कमिटीचे सेक्रेटरी म्हणजे आमचे हे. लोक पंढरीशेठ म्हणतात, शेठ कसले, पण म्हणतात. जमलाबाई रीतसर विचारायला आली. हे म्हणाले, "बाहेरच्यांना पटांगण देता येत नाही. उद्या सगळेच मागतील." ती पाठ फिरवून गेली. त्याच आठवड्यात पाणी दोन दिवस आलं नाही, तिसऱ्या दिवशी आलं ते करंगळीएवढं, आणि नळावर राडा झाला. आमच्याकडून साईनाथ आणि त्याचे दोस्त, तिकडून किसन आणि त्याचे. कॉलर धरण्यापर्यंत गेलं. बायकांनी मध्ये पडून सोडवलं म्हणून, नाहीतर डोकी फुटली असती. मी किसनला बाजूला घेतलं, समजावलं. तो म्हणाला, "काकी, आई हसते. आम्ही नाही हसणार. मी इथेच जन्मलो, इथल्याच शाळेत गेलो, आणि मला पाणी उरलं तर मिळणार?"  

घरी येऊन मी ह्यांच्याशी भांडले. शिमग्याला आम्ही गावाला जातो, पण यंदा आमच्या मुलीचं, अक्षदाचं, दहावीचं बोर्ड, म्हणून इथेच अडकलेलो, त्यामुळे भांडायला वेळही होता. हे पेपर तोंडासमोर धरून बसले. मग मी चप्पल घातली, मागच्या लायनीत गेले आणि जमलाबाईला सांगितलं, "कर तू पटांगणात. कोण काय बोलतो ते मी बघते." ती म्हणाली, "बघ हां." मी विचारलं, काय काय असतं त्यात? "काही नाही गं. पुऱ्या, गाणी, पोरीला आशीर्वाद." मला वाटलं, आपल्या बारशासारखं असेल. पाळणा नाही, एवढंच.

धुळवडीच्या दिवशी उजाडता उजाडता मी पाणी भरायला उठले, तर पटांगणातून असा आरडाओरडा! दार उघडून बघते तो काय, किसन आणि दहाबारा बाप्ये जमलाबाईच्या अंगावर धावून येतायत. ती आणि तिच्या बायका हातात काठ्या घेऊन त्यांना बडवतायत. काठ्यांचा आवाज, शिट्या, किंकाळ्या. माझ्या डोक्यात एकदम सणक गेली. किसन, आईच्या अंगावर? दारात धुण्याचं धोपाटणं होतं, ते उचललं आणि धावले.

"मेल्या, आईवर हात उचलतोस?" म्हणत पहिला फटका त्याच्या पाठीत घातला. "काकी, अहो काकी!" तो ओरडत होता. मी कशाला ऐकते! दुसरा घातला. तिसरा कोणाला बसला मला माहीत नाही. माझा आवाज ऐकून आमची लाइन बाहेर पडली. साईनाथ बॅट घेऊन आला, अजून चार जण मिळेल ते घेऊन आले, आणि हे मोबाइल घेऊन. "पोलिसांना लावतो, पोलिसांना लावतो," म्हणत हे नंबरच शोधत होते. साईनाथची बॅट बघून किसनच्या एका दोस्ताने बाईच्या हातातली काठी हिसकली आणि त्याच्याकडे वळला. क्षणभर सगळे जागच्या जागी. नळावर त्या दिवशी जे राहून गेलेलं ते आता होणार, हे मला दिसलं.

आणि जमलाबाई हसली. पोट धरून, वाकून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मधोमध एक मोठा हंडा खुंट्याला दोराने बांधलेला होता, त्याच्यावर हात टेकून हसली. "अगं रतनबाई, खेळ आहे! धुंड आहे ही! हंड्यात पुऱ्या आहेत. बाप्यांनी पळवायच्या, बायकांनी राखायच्या. आज बायकांनी पुरुषांना मारायचं असतं. त्यांनी उलटून हात लावायचा नसतो, तशी रीतच आहे!" किसन पाठ चोळत म्हणाला, "आणि लाकडाचं धोपाटणं रीतीत नसतं, काकी."

मी कपाळाला हात लावला. पण आमच्या लायनीतल्या बायकांचे चेहरे बघायला हवे होते. सखुबाई सत्तरीच्या, गुडघे धरून चालणाऱ्या. त्या पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे वर्षातून एकदा ह्यांना बडवायचं, आणि हे आम्हाला आजपर्यंत कोणी सांगितलं नाही?" आत जाऊन लाटणं घेऊनच आल्या. मग काय! धोपाटणं मी ठेवलं, मला एक काठी मिळाली. साईनाथला वाटलं आपण बघे आहोत, त्याच्या पोटरीवर पहिली काठी जमलाबाईने स्वतः ओढली. तो "आई गं" करत किसनच्या बाजूला पळाला आणि दोघं मिळून हंड्याकडे यायला लागले. आम्ही दोन्ही लायनीच्या बायका कडं करून उभ्या. देवाशपथ सांगते, इतकं मी लग्नानंतर कधी हसले नव्हते.

पण एक गोची झाली. हंडा जाईचना! मी उभी असताना कोणाची बिशाद? ऊन वर आलं, बाप्ये धापा टाकायला लागले, रोशनी आईच्या मांडीवर रडायला लागली. जमलाबाई माझ्या कानाशी आली. "आता सोड. हंडा गेल्याशिवाय पोरीचं नाव घेता येत नाही." मी म्हटलं, "मी सोडू? ह्यांना?" "माझ्या नातीसाठी सोड गं." तेवढ्यात आमचे हे, इतका वेळ ओट्यावरून लाजेने चूर होऊन बघत होते ते, मला हाताला धरून घरी न्यायला आत घुसले. कड्यात पुरुष आला म्हणजे काठी, हे त्यांना कोण सांगणार? दोन मी हाणल्या, एक सखुबाईंनी. हे हेलपाटले, दोरात पाय अडकला, आणि जाऊन हंड्याला मिठी मारूनच पडले. मी काठी खाली केली. बाप्यांनी जो गलका केला! हंडा पंढरीशेठने जिंकला!

आणि त्यांची रीत अशी, की हंडा जो नेईल त्याने आशीर्वादात पुढे उभं राहायचं. "मी? मी कमिटीचा सेक्रेटरी आहे," हे म्हणाले. कोणी ऐकलं नाही. रोशनीला घेऊन तिची आई घोंगडीवर बसली. पोरीच्या डोक्यावर एक लांब काठी आडवी धरली. तिच्यावर बाकीचे काठ्या वाजवायला लागले, साईनाथसुद्धा, आणि गाणं सुरू झालं. जमलाबाईने मला सांगितलं, ह्यात पोरीचं नाव घेतात, बापाचं घेतात आणि तिच्या तांड्याचं, म्हणजे मूळ वस्तीचं घेतात. पोर कुठेही जन्मू दे, तांडा तिकडचा, विजापूरकडचा. किसन दिव्यात जन्मला, त्याच्या धुंडीत पण तिकडचंच नाव घेतलं. "इथलं कसं घेणार? इथे आपलं काय आहे, म्हणाले तेव्हा आमचे म्हातारे."

गाणं थांबलं. किसनने ह्यांना खूण केली, म्हणा आता. हे गोंधळले. तांड्याचं नाव ह्यांना कुठून माहीत? मग कमिटीच्या मीटिंगला काढतात तो आवाज काढून म्हणाले, "रोशनी किसन राठोड! माउली कृपा चाळ! दिवा पूर्व!"

काठ्या थांबल्या. त्यांच्यातले एक म्हातारे चूक सुधारायला तोंड उघडत होते, जमलाबाईने हात वर करून त्यांना थांबवलं. पदर डोळ्यांना लावून ती ह्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"पंढरीशेठ, परत म्हणा."

ह्यांनी परत म्हटलं. या वेळी किसन आणि साईनाथ पण बरोबर ओरडले.

"अजून एकदा," ती म्हणाली.

आणि ह्यांनी घसा साफ केला आणि पूर्ण पत्ता सांगितला, पिन कोडसकट.