पुढच्या एक्सलचे मिस्त्री

जीप फाटकातून आत आली की ते ड्रायव्हरकडे बघायचेच नाहीत. थेट पुढच्या चाकाशी उकिडवे बसायचे. एक हात चाकाच्या वर, एक खाली, आणि चाक आत-बाहेर हलवायचे. मग मांडीला हात पुसत म्हणायचे, "खोलून पाहा लागन."

असा माणूस तुम्हीही कुठल्या तरी सरकारी वर्कशॉपात पाहिला असेल. आमचं वर्कशॉप अमरावतीचं. मी तिथे स्टोअरकीपर होतो. चारही चाकांना जोर मिळणाऱ्या जीपा धारणीकडे जायच्या, दवाखान्याची माणसं आणि औषधं घेऊन, आणि परत यायच्या त्या पुढचा एक्सल पार खराब करून. तो दुरुस्त करणारा आमच्याकडे एकच माणूस होता. लढाईच्या काळात फौजेत ते हे काम शिकले होते. नावानं त्यांना कोणी फारसं हाकारत नसे. मिस्त्री म्हटलं की तेच.

"खोलून पाहा लागन" हे त्यांचं सगळ्यालाच उत्तर होतं. त्यांच्या मुलीला अकोल्याहून स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर होता. कसा आहे मुलगा, असं मी विचारलं, तर तेवढंच म्हणाले. मी हसलो, ते हसले नाहीत. पुढच्या रविवारी अकोल्याला जाऊन मुलाच्या शाळेत, शेजारीपाजारी, दोन दिवस चौकशी करून आले. मग लग्न झालं.

ड्रायव्हर मंडळी त्यांना वचकून असत. धारणीहून आलेला एकजण शपथेवर सांगत होता की गाडी पाण्यात घातलीच नाही. मिस्त्रींनी एक्सलचा खालचा बोल्ट काढला आणि तेल परातीत पडू दिलं. नाल्याचं पाणी मिसळून ते दुधाळ झालं होतं. परात त्याच्यापुढे सरकवून ते शांतपणे म्हणाले, "मंग हा चहा कोनं केला?"

काम करताना मात्र बोलत नसत. चाकाजवळ एक्सलला लोखंडी गोळा असतो, त्याच्यावर चाक वळतं. त्या गोळ्याच्या वर-खाली दोन लहान बेरिंगा. मिस्त्री त्या काढून रॉकेलमध्ये धुवायचे, उजेडाकडे धरून एकेक दाणा बघायचे, मग बोटानं ग्रीस भरायचे. ग्रीस भरायला त्यांनी कधी पट्टी वापरली नाही. बोटाला खडा लागतो, पट्टीला लागत नाही, असं त्यांचं म्हणणं.

वर्कशॉपात पाण्याचा माठ एकच होता, पण ते पाणी घरून आणत. छप्पन्न साली त्यांच्या घरानं दीक्षा घेतली होती. रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात माठावरून त्यांना कोणी तरी काही तरी बोललं होतं म्हणे. मी त्यात पडलो नाही.

महाराष्ट्र झाल्यानंतरचा दुसरा की तिसरा पावसाळा असेल. धारणीकडच्या गावांत पटकी पसरली. लस न्यायला एकच जीप उभी होती, आणि तिच्या डाव्या चाकाची वरची बेरिंग गेलेली. मिस्त्री माझ्या खिडकीशी आले. ही बेरिंग आहे का, म्हणून विचारलं. हातात जुनी होती, दोन दाणे फुटलेली.

मी म्हणालो, नाही.

बेरिंग होती. माझ्या मागच्या कपाटात, तेलकट कागदात गुंडाळलेली. माझ्या दौऱ्याच्या जीपसाठी ठेव, दुसऱ्या कोणाला द्यायची नाही, असं वर्कशॉपचे साहेब आठवड्यापूर्वी सांगून गेले होते. साहेबांना विचारता आलं असतं. त्यांची खोली पंचवीस पावलांवर होती. मी उठलो नाही.

मिस्त्री क्षणभर खिडकीशी थांबले आणि गेले. त्यांनी दुसऱ्या एका मोडक्या जीपची जुनी बेरिंग काढून बसवली. साहेब तिथे उभेच होते. माणसं मरताहेत, गाडी आत्ता निघाली पाहिजे, म्हणत होते. मिस्त्री म्हणाले, सोडतो, पण संग मी जातो. तेही गाडीत बसले.

पुढचं मला लस टोचणाऱ्या कंपाउंडरनं सांगितलं. तो मागे बसला होता. धारणीच्या अलीकडे एका रपट्यावरून, नाल्यातल्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत होतं, फार नव्हतं. ड्रायव्हरनं गाडी अगदी हळू घातली. मध्यावर चाक डावीकडे वळलं आणि तिथेच अडकलं. गाडी रपट्यावरून कलून खाली गेली. मिस्त्री आणि कंपाउंडर बाहेर फेकले गेले. ड्रायव्हर स्टेअरिंगमागे अडकला होता. मिस्त्रींनी त्याला बाहेर काढलं, पण उशीर झाला होता. त्याला काठावर निजवून त्यांनी त्याच्या अंगावर आपला सदरा पांघरला, लशीची पेटी डोक्यावर घेतली आणि दोघं चार कोस चालत पटकीच्या एका गावी गेले. त्या गावात त्या दिवसानंतर कोणी दगावलं नाही, असं कंपाउंडर सांगायचा.

ड्रायव्हर मिस्त्रींचा शेजारी होता. दोन घरांच्या मध्ये एकच भिंत.

परत आल्यावर मिस्त्री रडले नाहीत. ओढून आणलेल्या जीपखाली शिरले, गोळा खोलला, बेरिंगचे तुकडे कागदावर मांडले. दुसऱ्या दिवसापासून बाकीच्या गाड्यांची कामं सुरू. फक्त चाक हलवून झाल्यावर आता ते काहीच म्हणत नसत.

चौकशी महिन्यानं झाली. साहेब प्रश्न विचारत होते आणि जबाब लिहायला मला बसवलं होतं. साहेबांच्या प्रश्नांचा रोख स्पष्ट होता : ड्रायव्हरनं गाडी जोरात घातली. तसं ठरलं असतं तर सगळे सुटत होते, मिस्त्रीसुद्धा. फक्त ड्रायव्हरच्या बायकोला खात्यात जागा मिळाली नसती.

मिस्त्री उभे राहूनच बोलले. "गाडी बैलाच्या चालीनं होती सायब. बेरिंग फुटली. मले मालूम होतं ते जुनी हाय. मी गाडी सोडाले नव्हती पाह्यजे."

साहेबांनी विचारलं, नवी का नाही बसवली?

"भेटली नाही."

मी लिहिलं, 'नवीन बेरिंग उपलब्ध नव्हती.' माझा हात थांबला नाही. अक्षरही बरं आलं होतं.

मिस्त्रींची नोकरी गेली. ड्रायव्हरच्या बायकोला दवाखान्यात जागा मिळाली. मला कोणी काही विचारलं नाही. मला वाईट वाटलं का, असं तुम्ही विचाराल, तर तेव्हा काहीच वाटत नव्हतं. जेवत होतो, झोपत होतो. बेरिंग साहेबांच्या जीपला लागलीच नाही. वर्षभर ती कपाटात तशीच होती.

तीन-चार वर्षांनी एका लग्नाला धामणगावला गेलो. स्टेशनजवळ कापसाच्या एका व्यापाऱ्याची शेड होती. तिथे ट्रॅक्टर जॅकवर उभा होता आणि मिस्त्री त्याच्या पुढच्या एक्सलला ग्रीस देत होते. केस पांढरे झाले होते. मला पाहून बाहेर आले, हात पुसले, जय भीम म्हणाले, घरचे कसे हायेत म्हणून विचारलं. मुलीला अकोल्यात दोन मुलं झाल्याचं सांगितलं.

मी एकदम म्हणालो, "मिस्त्री, त्या दिवशी बेरिंग होती. माझ्या कपाटात होती."

"मालूम हाय मले. कपाट उघडंच होतं. पुडी दिसून राह्यली होती."

"मग चौकशीत बोलला का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. चाकाकडे बघायचे तसंही नाही.

"तुमी लिहून राह्यले होते न," ते म्हणाले. "मले वाटलं, तुमीच सांगसान."

मग ते खाली बसले, पाठीवर झाले आणि सरकत ट्रॅक्टरखाली गेले. बाहेर फक्त पाय राहिले. ग्रीसपंपाचा आवाज पुन्हा सुरू झाला. लग्नाची वेळ होत आली होती. मी निघालो.