डेमॅरियसला घरावरून नेलं तेव्हा

थॅडियस बोल्डन आमच्या मेम्फिसच्या वस्तीतल्या मयतांचं सगळं बघायचा. गोळ्यांनी फाटलेला चेहरा मेणानं भरून असा सारखा करायचा की आईला वाटावं, लेकरू आत्ताच झोपलंय. मारही पुष्कळ खाल्ला त्यानं. माझ्या भाच्याच्या मयताला त्याच्या दोन बायका पेटीपाशीच एकमेकींच्या झिंज्या धरून भिडल्या, तेव्हा सोडवताना याचा दात पडला. रक्त पुसून म्हणाला, "आता ज्यांना रडायचंय, त्यांनी पुढं या."

माझी शेजारीण अर्नेस्टीन. तिच्या लेकाला, डेमॅरियसला, प्रुइट भावांनी न्हाव्याच्या दुकानात, तोंडाला साबण असतानाच गोळ्या घातल्या. आमच्यात पुरायला नेताना मयत आधी त्याच्या घरावरून नेतात, दाराशी थांबवतात. नाहीतर जीव घर शोधत फिरतो. प्रुइट राहायचे आमच्याच कोपऱ्यावर. त्यांनी निरोप धाडला, "गाडी इकडं आली तर पेटीलाही भोकं पाडू."

पाद्री म्हणाला, दुसऱ्या रस्त्यानं जाऊ.

अर्नेस्टीननं बोल्डनलाच विचारलं, "मिस्टर बोल्डन, माझं लेकरू घरावरून जाईल का नाही?"

"जाईल. तुम्ही मागच्या गाडीत वाकून बसा, मिस अर्नेस्टीन."

"मी नाही वाकायची."

"मग हॅट तरी नीट घाला."

कोपऱ्यावर तो उतरला आणि पांढरे हातमोजे घालून गाडीपुढं चालू लागला. थोरला प्रुइट आडवा आला.

"म्हाताऱ्या, सरक. तुझं मयत कोण करणार?"

"तुझं तर मीच करणार, लेका. तुझ्या आजीचंही केलं. हो बाजूला."

प्रुइटनं पिस्तुलाचा दस्ता त्याच्या तोंडावर हाणला. बोल्डन पडला, उठला, चालू लागला. मग दोघा भावांच्या गोळ्या सुटल्या. गाडीची काच फुटली, एक गोळी बोल्डनच्या मांडीत शिरली. गाडी चालवणारी त्याची बायको लोरेटा ओरडली, "थॅडियस, आत बस!"

"हळू चालव. मयत पळवायचं नसतं."

तेव्हा आम्ही बाया ओसऱ्यांवरून उतरलो आणि गाडीच्या दोन्ही अंगांनी चालू लागलो. प्रुइट भावांची मावशीही आमच्यात होती. कुणावर नेम धरावा, पोरांना कळेना.

घरापाशी गाडी थांबली. अर्नेस्टीननं उतरून फुटक्या काचेतून हात घालून पेटीवर ठेवला. "घर आलं, बाळा."

बोल्डन कुंपण धरून उभा होता, बुटात रक्त साचलेलं. मी मांडीला फडकं बांधायला वाकले, तर पाय मागं घेतला.

"आधी माय-लेकाचं होऊ द्या," म्हणाला.