बारा मिलिमीटरचं पातं आणि आचऱ्याची खाडी

स्वतः बांधलेली शिडाची होडी कोकणात न्यायचा कुणाचा विचार असेल, तर आधी हे वाचा. आणि होडी भावाबरोबर बांधणार असाल, तर दोनदा वाचा. परत येऊन आठ दिवस झाले तरी माझं डोकं तापलेलंच आहे, त्यामुळे भाषा जरा तिखट वाटली तर सांभाळून घ्या.

मी तंत्रनिकेतनात मशीन ड्रॉइंग शिकवते. धाकटा भाऊ विलास, त्याचं उचगावात लेथचं वर्कशॉप आहे. पाच वर्षांपूर्वी गोव्याला मी शिडाची होडी चालवायचा आठवड्याचा कोर्स केला आणि वेड घेऊन घरी आले. मग चार वर्षं रविवार आणि सुट्ट्या घालवून आम्ही विलासच्या शेडमध्ये अठरा फुटी फायबरची होडी बांधली. ड्रॉइंग सगळं माझं, हात बरेचसे त्याचे. कळंब्याच्या तलावात दोनदा चालवली, झकास चालली. तेव्हा पातं तात्पुरतं, लाकडाचं होतं.

पातं म्हणजे होडीच्या पोटातल्या फटीतून खाली पाण्यात उतरणारी जाड पट्टी. वाऱ्यानं होडी आडवी सरकू नये म्हणून ते लागतं. पाणी उथळ झालं की दोरीनं वर ओढून घ्यायचं, एवढं सोपं काम. समुद्रासाठी बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, पातं करून घ्यायचं ठरलं. मी ड्रॉइंग दिलं, जाडी बारा मिलिमीटर. दिवाळीनंतर विलास म्हणाला, "बसवलं बग अक्का, काळजी करू नको." मी परीक्षेच्या कामात होते, बघायला गेले नाही. इथं माझी चूक झाली, तीही लिहून ठेवते.

जानेवारीतल्या शुक्रवारी पहाटे निघालो. जीपमागे ट्रेलर, ट्रेलरवर होडी. बिद्रीला विलासची सासरवाडी, तिथं चहा झाला. त्याच्या मेव्हण्यानं होडीखाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "काय दणकट काम केलंय पावणं!" विलास मिशीत हसला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पुढे मुदाळ तिट्टा, राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाट. गळिताचे दिवस असल्यानं राधानगरीपर्यंत उसाच्या ट्रॉल्या आडव्या येतात, वेळ हाताशी ठेवा. घाटात ट्रेलर असेल तर दुसऱ्या गिअरमध्येच उतरा. कणकवलीवरून आचऱ्याला पोचायला आम्हाला सहा तास लागले. जाऊन-येऊन डिझेल सव्वातीन हजारांचं, खोली बाराशे, सुरमईची थाळी तीनशे. थाळीबद्दल माझी काहीही तक्रार नाही, सोलकढी तर मी तीनदा मागून घेतली. बंदरावर नोंद करायला विसरू नका आणि लाइफ जॅकेट घाला, मग कुणी कितीही हसू दे.

शनिवारी सकाळी जेटीवरून होडी पाण्यात सोडली. विलासनं पात्याची खीळ काढली आणि ते धाडकन खाली गेलं, सगळी होडी हादरली. मी विचारलं, "एवढा आवाज?" तो म्हणाला, "बीड हाय ते अक्का, आवाज करणारच की."

शाळेत खारे वारे, मतलई वारे पाठ केले होते. ते खरे कसे असतात ते तिथं कळलं. सकाळचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्यानं आणि ओहोटीच्या ओढीनं आम्ही खाडीतून अलगद बाहेर पडलो. इंजिन नाही, धूर नाही, फक्त शिडाची फडफड. तासभर मी फार सुखात होते, ते नाकारत नाही. साडेनऊच्या सुमाराला वारा पडला. शीड लोंबायला लागलं. मग बऱ्याच वेळानं समुद्राकडून पहिल्या झुळका आल्या. मी म्हटलं, आता आत चल, पाणी उतरतंय आणि हा वारा दुपारी जोर धरणार. सुकाणू विलासकडं होतं, कारण सुकाणू कायम विलासकडंच असतं.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. खोल पाणी कुठून आहे ते कळावं म्हणून मच्छीमारांनी बांबू रोवलेत. मी ओरडले, "बांबूच्या कडेनं घे." हा म्हणाला, "एवढा वळसा कशाला? पातं वर घे, सरळ वाळूवरनं जाऊ." मी दोरी ओढली. हलेना. दोन्ही पाय टेकवून ओढली. मग विलास मदतीला आला आणि दोघांनी मिळून हिसका दिला, तेव्हा कप्पी स्क्रूसकट उखडून हातात आली. तेवढ्यात खालून खर्र आवाज झाला आणि होडी थांबली. पातं वाळूत रुतलं होतं.

मी फटीत बोट घालून बघितलं. बारा कुठले, पातं चांगलं सव्वीस मिलिमीटर जाड होतं, म्हणजे वजन दुपटीच्या वर! फटसुद्धा मला न सांगता रुंद केली होती.

"विलास, हे काय आहे?"

त्यानं उखडलेली कप्पी फळीवर ठेवली. मग म्हणाला, "आगं, साचा करणाऱ्या पॅटर्नवाल्यानं वाईच वाढवून धरलं. मग फौंड्रीवाला म्हणाला समुद्र हाय त्यो, रंकाळा न्हाय. मी बी म्हटलं, असू दे जरा दणकट."

"ड्रॉइंगवर बारा लिहिलं होतं."

"लिवलंतं की. पर फौंड्रीवाला म्हणाला, बाईचं ड्रॉइंग हाय, वाढवूनच धरूया."

"आणि तू काय म्हणालास?"

"म्या काय म्हणणार? म्हटलं, धरा."

वीस वर्षं मी पोरांना ड्रॉइंग शिकवते. त्या फौंड्रीत काम करणारे निम्मे लोक माझ्याच वर्गातून गेलेत. आणि माझा सख्खा भाऊ, ज्याच्यासोबत चार वर्षं फायबरचा वास घेतला, तो परक्यासमोर "धरा" म्हणतो. त्याला खाडीत ढकलून द्यावं असं मला वाटलं. पाणी कमरेएवढंच होतं, म्हणजे काही झालं नसतं.

त्याच पाण्यात चार बायका तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचत उभ्या होत्या. आमची समुद्रावर जाणारी होडी अडकलेली आणि शेजारी बायका पायांनी वाळू चाचपताहेत! त्यातली एक थोराड बाई जवळ आली. "गो बाय, खयसून इलात?"

"कोल्हापूरहून."

"मगे हय कित्याक उभे रवलात? पाणी उतरता हा. वारो वाढलो काय लाटो येतल्यो, होडी आपटून फुटात."

खरं होतं. बांधावर पांढरं पाणी दिसायला लागलं होतं. चार वर्षांची होडी माझ्या डोळ्यांदेखत वाळूवर आपटून फुटणार होती. विलास म्हणाला, उतरून ढकलूया. मी म्हटलं, गप्प बस आणि मी सांगते तेवढंच कर. कोर्समध्ये शिकवलं होतं: पातं वर येत नसेल तर होडीच कलती करायची, म्हणजे पात्याचं टोक आपोआप वर उचललं जातं. डोलकाठीच्या टोकावरून येणारी दोरी मी त्या बाईंकडे फेकली आणि काय करायचं ते सांगितलं. त्यांनी एकदाच मान हलवली.

"दोरी दी हकडे. वढा गो!"

चौघी आणि पाण्यात उतरलेला विलास, पाचही जण बाजूला जाऊन दोरीला लोंबकळले. होडी कलली, आणखी कलली, माझ्या पायाखालचं सगळं घसरायला लागलं आणि पातं सुटलं. झुळकेनं होडी सरकली. विलास पाण्यातून पळत येऊन काठाला लटकला. मी सुकाणू धरलं आणि बाईंनी हात केला त्या दिशेनं, बांबूच्या कडेनं होडी आत आणली. मागून वारा चांगला भरला होता आणि ती सुसाट चालली. जेटीवर दहा माणसांनी साखळी लावून ते पातं वर घेतलं. विलासशी मी रविवारी घरी पोचेपर्यंत बोलले नाही, फोंड्याच्या चहालासुद्धा नाही.

त्या बाईंनी मला एकदाही "तुका जमतला काय?" असं विचारलं नाही. त्यांना माझी ओळख नव्हती, पदवी ठाऊक नव्हती. मी सांगितलं आणि त्यांनी ओढलं. आठ दिवस मला त्याचंच राहून राहून नवल वाटतंय.

घरी आल्यावर विलासनं गल्लीभर सांगितलं, "वारा फिरला, म्हणून अडकलो." काल त्यानं हा मजकूर माझ्या फोनवर वाचला. वाचून म्हणाला, "अक्का, फौंड्रीतली मानसं बी वाचत्यात गं. तेवढं पात्याचं काढ की. वारा फिरला असं लिव."

मी म्हटलं, वारा फिरला नव्हता. आणि पुढच्या वेळी सुकाणू माझ्याकडं, नाहीतर होडी शेडमध्येच कुजू दे.

त्यानं फोन माझ्या हातात परत दिला. मग "बरं" म्हणाला आणि गेला. चार वर्षांत त्यानं पहिल्यांदाच "बरं"च्या पुढं "पर" लावला नाही. म्हणून पात्याचं एक अक्षरही न काढता ही पोस्ट टाकतेय.